आमची वाटचाल : यादी नव्हे, संस्था

कंपन्यांचा माध्यमांशी आणि लोकांशी होणारा संवाद सांभाळणाऱ्या स्वतंत्र संवाद-सल्लागाराच्या कामाबद्दल ग्राहकाची तक्रार क्वचितच असते. पण मोठे काम सोपवण्याची वेळ आली की तो हमखास विचारतो, ‘तुम्ही आजारी पडलात तर?’ या प्रश्नाला एकट्या माणसापाशी उत्तर नसते, म्हणून आम्ही काही जण एकत्र आलो. प्रसिद्धिपत्रकांवर हात बसलेले एक माजी वार्ताहर, वार्षिक अहवालांचे संपादन करणाऱ्या एक ज्येष्ठ बाई, प्रवक्त्यांना कॅमेऱ्यासमोर बोलण्याचे प्रशिक्षण देणारे एक सहकारी आणि मी, अशी सुरुवात झाली. प्रत्येक जण वेगळ्या शहरात, स्वतःच्या घरी बसून काम करणारा आणि कोणीही कोणाचा नोकर नसलेला.

साधने तोवर उपलब्ध होती. स्काइप २००३ मध्ये आले, गूगल डॉक्स २००६ मध्ये, आणि दूरदूर बसलेल्या माणसांना एकाच मसुद्यावर काम करणे सोपे झाले. मात्र साधने हाती आली म्हणजे संस्था उभी राहिली, असे मानून निघालेले कितीतरी गट आमच्या डोळ्यांदेखत विरून गेले. आमचे जाळे टिकले, याचे श्रेय मी आमच्या हितसंबंधांच्या नोंदवहीला देतो. नोंदवही म्हणजे साधी स्प्रेडशीट आहे. सल्लागाराचे नाव, तो सध्या कोणत्या क्षेत्रातील कोणाचे काम करतो, ते केव्हा संपेल आणि त्यानंतर किती काळ प्रतिस्पर्ध्याचे काम न घेण्याचे बंधन आहे, एवढेच रकाने. नवे काम आले की ग्राहकाचे नाव फक्त समन्वयकाला कळते. सदस्यांना क्षेत्र आणि कामाचे स्वरूप तेवढे सांगितले जाते, आणि ज्याची कोठेही अडचण नाही त्यालाच गोपनीयतेच्या करारानंतर ब्रीफ, म्हणजे कामाचा पूर्ण तपशील, उघडून दिले जाते. एखादी कंपनी संकटकाळासाठी सल्लागार शोधते आहे, एवढी कुणकुणही बाजारात तिला महागात पडू शकते, हे या व्यवसायातील कोणालाही समजावून सांगावे लागू नये. तरीही नव्या सदस्याला ते दर वेळी समजावून सांगावे लागतेच.

आता आम्हाला जवळजवळ बुडवणाऱ्या एका जनसंपर्क एजन्सीविषयी. तिचे नाव मी लिहिणार नाही. तिच्या नावाखाली पडद्याआड राहून काम करण्याचा करार आम्ही केला, आणि बघता बघता आमच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिच्याकडूनच येऊ लागला. तिच्या एका ग्राहकाला सदोष माल बाजारातून परत मागवावा लागला, तेव्हा वस्तुस्थिती स्पष्ट होईपर्यंत माध्यमांना द्यावयाचे प्राथमिक निवेदन, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे, वितरकांना पत्र आणि कर्मचाऱ्यांसाठी टिपण हे सर्व आमच्या माणसांनी रात्रभर बसून तयार केले. त्याच सामायिक दस्तऐवजाच्या समासात, वितरकांच्या पत्रातील दुसऱ्या परिच्छेदाशेजारी, एजन्सीच्या खातेप्रमुखाने, म्हणजे त्या ग्राहकाचे काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, आमच्या सहकाऱ्याला उद्देशून लिहिले होते : ‘यापुढे आपण थेट बोलू.’ दस्तऐवज ज्यांच्याशी सामायिक केला होता त्या सर्वांचे ईमेल पत्ते त्याला तिथेच दिसत होते, त्यामुळे शोधाशोध करण्याची गरजही पडली नाही. थोडा जास्त दर मिळाला म्हणून काही जण गेले. उरलेल्यांच्या बिलांवर, आमच्या ग्राहकाने पैसे दिले की तुम्हाला देऊ, असे एजन्सीचे उत्तर आले.

त्यावर कडी म्हणजे आमच्या अहवालात प्रसिद्धीचे जाहिरात-मूल्य दाखवलेले नाही, म्हणून काम अपुरे आहे, असेही कळवण्यात आले. छापून आलेल्या बातमीएवढी जागा जाहिरातीसाठी घेतली असती तर किती खर्च आला असता, त्या आकड्याला आणखी कशाने तरी गुणून यश म्हणून मिरवण्याची ही रीत आहे. असे आकडे म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, हे जनसंपर्काचे मोजमाप कसे करावे हे सांगणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी स्पष्ट केले होते आणि आम्ही पहिल्या प्रस्तावातच तसे लिहून दिले होते. आमच्या संस्थेच्या भर बैठकीत एजन्सीकडून ‘तुम्ही म्हणजे फोन नंबरांची यादी’ असे ऐकवले गेले, ते मी विसरलेलो नाही.

आमच्या सदस्यांना मात्र आम्ही ठरल्या तारखेला पैसे देण्याचे वचन दिले होते, मग ग्राहकाकडून ते आलेले असोत वा नसोत. गंगाजळी आटली, संस्था गुंडाळण्याच्या पत्राचा मसुदाही तयार झाला. त्या वेळी वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या एका लहान कंपनीच्या संवाद-प्रमुख बाईंनी आमच्याशी तिमाहीचे शुल्क आगाऊ देण्याचा वार्षिक करार केला. त्यांची अट एकच होती : फोन एका ठरलेल्या क्रमांकावर लागला पाहिजे, आणि तो माणूस नसेल तर कोण उचलेल हे आधी माहीत असले पाहिजे. सही करण्यापूर्वी एका रात्री त्यांनी खोट्या संकटाची बातमी देऊन त्या क्रमांकावर फोन केला. पाळीवरच्या बाईंनी तो उचलला, माहितीची खातरजमा होईपर्यंत कोणाशीही बोलू नये असे बजावले आणि निवेदनाचा पहिला मसुदा त्याच रात्री पाठवला. आमचा पाळ्यांचा तक्ता त्या परीक्षेपासून आजतागायत तसाच चालू आहे, आणि त्या ग्राहकही. मधली वर्षे बरी गेली. त्यांत सांगण्यासारखे विशेष काही नाही.

असे जाळे उभारू पाहणाऱ्यांनी विचारले नसले तरी तीन गोष्टी सांगतो. एजन्सीशी करार करताना एकमेकांची माणसे न फोडण्याचे कलम दोन्ही बाजूंना बांधणारे असावे, आणि देयकाची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजावी, एजन्सीला पैसे मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. एम्बार्गोची वेळ, म्हणजे जिच्याआधी बातमी प्रसिद्ध करायची नसते ती वेळ, नेहमी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहावी. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे युरोपच्या आधी पुढे सरकतात, आणि त्या मधल्या आठवड्यांत एरवीचा फरक गृहीत धरणाऱ्याचे प्रसिद्धिपत्रक एक तास चुकीच्या वेळी बाहेर पडते. अनुभवी मंडळीही दर वर्षी यात अडकतात.

त्याच एजन्सीचे अलीकडे पुन्हा पत्र आले. संकटकाळासाठी अनुभवी सल्लागारांचे ‘विश्वासार्ह जाळे’ हवे आहे, असे त्यात लिहिले आहे. पहिल्याच पानावर आगाऊ रकमेचे कलम असलेला करारनामा आम्ही उलट टपाली पाठवून दिला. तो सही होऊन आलेला नाही.