क्रूसाच्या वाटेवर मरणाचं बोलणं

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्ताच्या दिवसांत, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून नंदगडच्या क्रूसाकडे पायी निघालं, की सोबतीला असं कुणीतरी असतंच, ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलेला आहे. घरात तो विषय निघत नाही. काढला तर ‘अभद्र बोलू नको’ म्हणून गप्प करतात. वाटेवर निघतो. शेजारून चालणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही ना.

आम्ही पहाटेच निघतो. ऊन चढलं की तांबडी माती तापते आणि घसा कोरडा पडला की प्रार्थना सुचत नाही. कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी भाकर घेण्याआधी, तासभर काही खायचं नसतं, पण पाणी चालतं. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांचं करणाऱ्यांना तर तासाचीही अट नाही.

क्रूसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातले प्रसंग चित्रांसमोर थांबत आठवण्याची प्रार्थना. तिची चौदा स्थानं १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी पक्की केली. प्रत्येक स्थानी गुडघे टेकायचे, चिंतन वाचायचं, मग गप्प राहायचं. घाई झाली की हे गप्प राहणंच आधी गळतं. चौदाही स्थानांना सारखा वेळ देऊ नका. चौथ्याला आणि तेराव्याला थांबा. चौथ्या स्थानी आई येशूला भेटते. ‘होईल सगळं ठीक’ असं ती म्हणत नाही, नुसती समोर उभी राहते. तेराव्या स्थानी देह खाली उतरवतात. त्या चित्रातले हात बघा: डोकं कुणी सावरलंय, पाय कुणी धरलेत. सेवा केलेल्या माणसाला ते लगेच कळतं. शेजारच्याला विचारायचं ते इथंच: आईला शेवटी घरीच राहायचंय का? गाणी मराठीत हवीत, कोकणीत की कन्नडमध्ये? आमच्याकडे हे गृहीत धरून चालत नाही, एकाच घरात तिन्ही भाषा असतात.

जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डच्या ईझेनहाइम वेदीचित्राची (वेदीमागं लावलेल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या चित्राची) मोठी प्रत जवळ असावी. १५१२ ते १५१६ च्या सुमाराचं हे काम, जिथं ‘संत अँथनीच्या आगी’चे रोगी सांभाळत त्या मठासाठी केलेलं. बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीतून तो रोग होई. चित्रातल्या ख्रिस्ताच्या अंगभर फोड आहेत, बोटं वाकडी झालीत. सेवा करून थकलेल्यांना हे चित्र बळ देतं, असं आमचं ठाम मत आहे. आजाऱ्याच्या उशाशी मात्र संत योसेफाच्या मरणाचं चित्र ठेवा: एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला मरिया.

बोलायला शब्दच सुचत नसतील तर जपमाळ धरा. दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या माळेत ‘नमो मरिया’ ही प्रार्थना सुरुवातीच्या तीन धरून ५३ वेळा येते आणि प्रत्येक वेळी आपल्या मरणाच्या घटकेसाठी विनंती असते. म्हणजे विषय तोंडात आधीपासून आहेच.

सगळ्यात जास्त चुकतं ते आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायला फादरांना बोलावण्यात. ‘तेल लावलं म्हणजे संपलं’ या भीतीनं शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. तेल कपाळाला आणि दोन्ही हातांना लावतात. बेशुद्ध माणसालाही लावता येतं, पण पापनिवेदन आणि कम्युनियन राहून जातं. गंभीर आजार कळला तेव्हाच बोलवावं, आणि ते आजाऱ्याला विचारून. उशाशी पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर फादरांना आधीच सांगा. ख्रिस्तशरीराचा अगदी लहान तुकडाही पुरतो.