उत्तराचा अर्धा भाग

सावंतवाडीच्या मिलाग्रिस चर्चमध्ये पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही निघालो, तेव्हा सायबाचे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त तीन दिवसांवर आले होते आणि जुने गोवे सत्तरेक किलोमीटर दूर होते. माझ्या शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले होते. काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येते, म्हणून त्यावर घट्ट बाही चढवावी लागते आणि त्या हाताने ओझे उचलायचे नसते. माझी पिशवी वहिनीने घेतली. चालायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत घरच्यांची होती आणि खरे सांगायचे तर थोडी माझीही होती.

नवस फेडायला मी निघालेच नव्हते, कारण नवस बोलण्याइतके बळ त्या दिवसांत कधी आलेच नाही. परळच्या टाटा इस्पितळात केमोथेरपी सुरू झाली आणि मला प्रार्थना येईनाशी झाली. लहानपणापासून पाठ असलेली 'नमो मरिया' मध्येच तुटायची. मग वहिनीनेच तोड काढली. रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला बाकीच्यांनी, ही तर आपली रीतच. ती म्हणाली, पहिला भाग मी सांभाळते, तू फक्त उत्तर दे. सलाईन थेंबथेंब उतरत असताना ती शेजारच्या स्टुलावर बसून हळू आवाजात सुरुवात करायची आणि 'पवित्र मरिये, देवाच्या माते' येथून मी धरायचे. त्या उत्तराच्या शेवटी 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' असे शब्द येतात. चाळीस वर्षे मी ते वाक्य संपवायच्या घाईत गिळत आले होते. तेथे त्या दोन वेळा मला निरनिराळ्या ऐकू येऊ लागल्या, आणि कित्येक दिवस मी 'आता'पर्यंत म्हणून थांबत असे. वहिनीने त्याबद्दल एकदाही विचारले नाही. ती पुढचा मणी धरायची.

वॉर्डात कोणीतरी संत पेरेग्रीनचे चित्र दिले होते. कर्करोग्यांचा हा पाठीराखा संत इटलीतल्या फोर्लीचा. प्रायश्चित्त म्हणून वर्षानुवर्षे उभा राहिला, पायाला व्रण झाला, आणि पाय कापायच्या आदल्या रात्री क्रुसासमोर झोप लागून सकाळी उठला तो बरा होऊनच, अशी त्याची कथा सांगतात. मला मात्र सकाळी ठरल्या वेळी आत नेले. तरीही ते चित्र मी फेकले नाही. आदल्या संध्याकाळी धर्मगुरूंनी कपाळाला आणि तळहातांना तेल लावले होते. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही, हे माहीत असूनही माझी मावशी रडली. मला त्यातले शब्द आठवत नाहीत, फक्त त्यांच्या अंगठ्याचा खरखरीतपणा आठवतो.

इन्सुलीचा घाट, बांदा, पत्रादेवी हे सगळे गेले ते बॅटरीवरच्या कर्ण्याच्या आवाजात. रोझरीतले एक रहस्य, म्हणजे तिचा एक टप्पा, संपले की गीत, गीत संपले की पुन्हा रोझरी. माणसाला चालताना थोडे गप्पही राहू द्यावे, हे आमच्या म्होरक्याला कधी सुचले नाही. शाळेच्या व्हरांड्यात रात्र घोरण्यांत गेली. दुसऱ्या दिवशी एका गृहस्थांनी सर्वांसमोर सांगितले, "विश्वासामुळेच तू बरी झालीस." मी काहीच बोलले नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा विश्वास माझ्या दसपट होता, आणि त्या पावसाळ्यात गेल्या. हे त्यांना कसे सांगणार होते? तास दीड तास मी रागानेच चालले, आणि त्या रागात अंतर मात्र बरे कापले गेले.

धारगळच्या अलीकडे वहिनी म्हणाली, तुझा मोजा लाल का दिसतो? पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाच्या बारा आठवड्यांनी माझे तळवे बधिर केले आहेत. खडा टोचला तरी कळत नाही. टाचेला मोठा फोड येऊन फुटला होता आणि मी त्यावर किती चालले होते, कोण जाणे. रस्त्याकडेच्या एका अंगणात तुळशीवृंदावन होते. घरातल्या आजींनी काही न विचारता पाट दिला, टोपात कोमट पाणी आणले, त्यात मीठ टाकले आणि माझा पाय स्वतःच त्यात ठेवला. पाणी कढत आहे की कोमट, हे मला कळणार नाही असे सांगितल्यावर त्यांनी आधी स्वतःचे कोपर बुडवून पाहिले, जसे तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाहतात. मग उकड्या तांदळाची पेज आणि करमलांचे लोणचे आले. बाही पाहून त्यांनी विचारले तेव्हा मी रोगाचे नाव सांगितले. माझ्या आजाराचे नाव ऐकले की माणसे आवाज खाली आणतात. आजींनी तसे केले नाही. पेज आणखी वाढली. त्या दोनदा पंढरपूरला चालत जाऊन आल्या होत्या, त्यामुळे त्यांना माझ्या आजारापेक्षा माझ्या चपला अधिक चुकीच्या वाटत होत्या. मोज्यावर मोजा घालायचा आणि आतल्याला खोबरेल लावायचे, हे त्यांनीच शिकवले. तासभर मी बसले होते. कर्णा केव्हाच पुढे निघून गेला होता. त्या शांततेत, पाय पाण्यात असताना, मी 'नमो मरिया' सुरुवातीपासून एकटीने म्हटली. वहिनी लोणचे चाखत होती, तिच्या ते लक्षात आले नाही. निघताना आजी म्हणाल्या, "तुमच्या सायबाक माजो नमस्कार सांग गो."

म्हापसा, पर्वरी, मग बेतीहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. ती पाच मिनिटे पायांना मिळालेली खरी मिस्सा होती, असे म्हटले तर पाप लागू नये. १६३० च्या दशकात बांधलेला रायबंदरचा लांबलचक सेतू संध्याकाळच्या उन्हात संपता संपेना.

बॉम जीझस बॅसिलिकात दर दहा वर्षांनी होणारे अवशेषदर्शन यंदा नव्हते. चांदीची पेटी उंचावर, आणि खाली आमची रांग. सायबाचा उजवा हात येथे नाही, तो १६१४ मध्ये रोमला नेला. हे शाळेत पाठ केले होते, पण डावा हात बाहीत घालून त्या पेटीखाली उभी असताना मला ते पहिल्यांदाच बरे वाटले. ज्याच्याकडे आपण मागायला येतो, त्याचेही शरीर पुरे नाही. मागायचे काय ते मी ठरवले होते, पण स्वयंसेवक "पुढे चला" म्हणून हाकत होता आणि माझ्या तोंडून फक्त उत्तराचा भाग बाहेर पडला, या वेळी शेवटपर्यंत.

परतीच्या बसमध्ये धारगळला ते घर दिसले. खिडकीत दिवा नव्हता. आजींचा नमस्कार सायबाला सांगायचा राहिला, हे मला तेव्हा आठवले आणि मी वहिनीला तसे म्हणाले. ती अर्धवट झोपेत होती.

"पुढच्या वर्षी सांग," ती म्हणाली.

गेल्या दीड वर्षात माझ्यासमोर हे शब्द कोणी असे सहज उच्चारले नव्हते. माझी पुढची तपासणी जानेवारीत होती. मी तिला आठवण करून दिली नाही.