मुक्कामाची गाडी

संध्याकाळी सहाच्या सुमारास बडोद्याच्या डेपोतून निघून डभोई, बहादरपूर, संखेडा करत त्यापुढच्या एका लहान गावी रात्री नऊला पोहोचणारी, रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि पहाटे पुन्हा बडोद्याकडे निघणारी एक गाडी होती. एसटीच्या भाषेत तो ‘नाइट हॉल्ट’, आमच्या घरी ती ‘मुक्कामाची गाडी’. कंडक्टर म्हणून मी शहरातल्या फेऱ्या केल्या, पावागडच्या यात्रेच्या जादा गाड्या केल्या, टेंबेस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या मराठी मंडळींना घेऊन गरुडेश्वरलाही अनेकदा गेलो. पण निवृत्तीनंतर मन सारखे जाते ते या एकाच गाडीकडे. ती गाडी त्या गावाला काय होती हे कोणीतरी नीट लिहून ठेवायला हवे असे मला फार दिवस वाटत होते.

बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. आमच्याकडे एसटीच्या स्टँडला कोणी स्टँड म्हणत नाही. मराठी असो वा गुजराती, सगळे डेपोच म्हणतात. एसटी हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, आणि गुजरातेत तो कसा, असे पुण्याचे नातेवाईक मला नेहमी विचारत. मुंबई राज्याची सरकारी बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली, बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले तेव्हा एसटीचीही वाटणी झाली. म्हणजे तुमची एसटी आणि आमची एसटी या एकाच घरातल्या दोन बहिणी आहेत, आणि दांडिया बाजारातल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला गुजरातच्या एसटीत परके वाटण्याचे काही कारण नव्हते.

मी १९७९ साली कामाला लागलो. तेव्हा तिकिटे छापील असत. पेटीत किमतीप्रमाणे तिकिटांचे गठ्ठे ओळीने बसवलेले, प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक, आणि कडेला टप्प्यांचे आकडे. भाडे टप्प्यांवर ठरत असल्यामुळे प्रवासी कुठे चढला आणि कुठे उतरणार हे ऐकून, लागली तर दोन-तीन किमतींची तिकिटे जोडून, चिमट्याने नेमक्या आकड्यावर भोक पाडायचे. आणि हे सगळे धावत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून, मान वर न करता. त्या भोकांतून पडणाऱ्या कागदाच्या टिकल्या शर्टाच्या खिशात, चामडी पिशवीच्या तळाशी, चपलेत, कुठेही सापडत. आई माझा खाकी शर्ट धुण्याआधी अंगणात झटकत असे आणि तुळशीच्या कट्ट्यापाशी गुलाबी, पिवळ्या, हिरव्या टिकल्यांचा सडा पडत असे. मुले त्या गोळा करून काडेपेटीत ठेवत.

ठरावीक टप्प्यांवर गुडघ्यावर वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, ठेवून प्रत्येक गठ्ठ्याचा चालू क्रमांक लिहावा लागे, कारण तपासणीचे लोक कुठल्याही फाट्यावर हात दाखवून गाडीत चढत, आणि डोकी, तिकिटे व क्रमांक यांचा मेळ बसलाच पाहिजे असा नियम होता. नव्या माणसाला गाडी चालवण्यापेक्षा हे काम सोपे वाटते. ते तसे नाही. ड्रायव्हरसमोर रस्ता असतो. कंडक्टरसमोर साठ-सत्तर माणसे असतात, आणि त्यांतला कोण डभोईला झोपेतच पुढे जाणार आहे हेही त्यालाच लक्षात ठेवावे लागते.

मुक्कामाच्या गाडीवर माझ्याबरोबर बहुतेक वेळा जे ड्रायव्हर असत त्यांना मी काका म्हणत असे. ते डभोईचे होते, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. दोरी ओढली की एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, एवढीच आमची प्रवासातली बोली. पण अंधारात, मागच्या दाराशी कोण चढते आहे हे त्यांना दिसत नसताना, माझ्या दोन घंट्यांवर विसंबून ते गाडी पुढे काढत. एकदा एका म्हातारीचा पाय पायरीवर असतानाच मी घाईने दोरी ओढली. ती पडली नाही, कोणीतरी तिला वर ओढून घेतले, परंतु त्या दिवसापासून दार लावल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याखेरीज मी दोरीला हात लावला नाही. काका रागावले नव्हते. ‘घंटी तू आपे, एटले मारे जोवानुं नथी,’ एवढेच ते म्हणाले, म्हणजे घंटी तू देतोस, म्हणून मला मागे बघावे लागत नाही. ते बोल मला कोणत्याही शिक्षेपेक्षा जास्त लागले.

डभोईला गाडी भरगच्च होई आणि संखेड्याला जवळजवळ रिकामी. लाखेच्या रंगकामाचे लाकडी पाळणे आणि खुर्च्या यांसाठी ते गाव प्रसिद्ध आहे, त्यामुळे टपावर कधी रंगाचे डबे तर कधी पाळण्याचे पाये असत. त्यापुढे उरत ते फक्त शेवटच्या गावचे लोक, आणि माझ्या सीटखाली ठेवलेली गावाची पिशवी. ती पिशवी ही खरी मुक्कामाची गाडी होती असे मी म्हणेन. सकाळी निघताना लोक चिठ्ठ्या आणि पैसे देत: रक्तदाबाच्या गोळ्या, पाण्याच्या पंपाचे वायसर, शाळेतल्या मुलाची भूमितीची पेटी, दुरुस्तीला दिलेले घड्याळ. दुपारी ड्युटी नसताना मी मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत फिरून हे सामान गोळा करत असे. नियमाच्या पुस्तकात याला जागा नव्हती, पण दोन तासांच्या अंतरावर औषधाचे दुकान असलेल्या गावात दुसरे कोण आणणार होते?

गावात शिरल्यावर काका गाडी सरळ देवळापाशी नेत नसत. तलावाच्या बाजूला, लिंबाच्या झाडाखाली रस्त्याला थोडा उतार होता. तिथे, तोंड उताराकडे करून, गाडी उभी करायची आणि पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावायचे. बॅटरीचा भरवसा नसे, विशेषतः थंडीत, आणि पहाटे सेल्फने दगा दिला तर दगड काढून, गाडी उतारावर सोडून, गिअरमध्ये टाकून इंजिन चालू करता येई. ते दगड कोणी हलवत नसे. गावातल्या मुलांनाही ठाऊक होते की ते एसटीचे दगड आहेत.

जेवण मासींकडे. मावशीला गुजरातीत मासी म्हणतात आणि त्यांना सारे गाव मासीच म्हणे. बाजरीचा रोटला, कढी, खिचडी, हिवाळ्यात वांग्याचे भरीत. पैसे घेत नसत. म्हणून मी बडोद्याहून कधी चहाची पुडी, कधी साखर नेत असे. जेवण झाल्यावर त्यांच्या ओट्यावर कंदिलाच्या उजेडात मी दिवसाचा हिशेब करत असे. आधी वे-बिलावरच्या क्रमांकांवरून किती रक्कम व्हायला हवी ते काढायचे, मग नोटा, मग नाणी, दहा-दहाच्या चळती लावून. चार आणे जरी कमी भरले तरी पुन्हा पहिल्यापासून, कारण तूट आपल्या खिशातून भरायची असे. शेजारी दोन-तीन म्हातारे बसून असत, पण मोजणी चालू असताना कोणी एक शब्द बोलत नसे. ही सभ्यता मी शहरात क्वचितच पाहिली. पिशवी उशाखाली घेऊन मी गाडीत लांब बाकावर झोपत असे, उन्हाळ्यात टपावर. काका मात्र बारा महिने ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर झोपत; गाडी सोडून ते कुठेच झोपले नाहीत.

पहाटे पाचला दुधाच्या किटल्यांचा आवाज झाला की जाग येई. पावणेसहाला गाडी सुटायची. पहिल्या बाकावर कायम सयाजी रुग्णालयात निघालेले कोणीतरी असे, पांघरुणात गुंडाळलेले, आणि त्याच्याजवळ बसलेला नातेवाईक वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्याचा खांदा धरी. काका अशा दिवशी गाडी वेगळी चालवत. मागे कॉलेजची मुले, डभोईच्या कोर्टात तारीख असलेले, तुरीचे किंवा मिरचीचे पोते घेऊन बाजाराला चाललेले. गावात घड्याळे थोडी होती. गाडीचा पहिला हॉर्न हीच वेळ. आम्ही पाच मिनिटे उशिरा निघालो तर शाळाही पाच मिनिटे उशिरा भरते असे तिथले मास्तर मला म्हणाले होते, आणि मी ते शब्दशः खरे मानतो.

एका पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पूर येऊन रस्ता बुडाला आणि आम्ही दोन रात्री तिथेच अडकलो. ओरसंग नदीही तेव्हा दुथडी भरून वाहत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवीतली एका माणसाची मधुमेहाची गोळी संपली, तेव्हा तिघे तरुण कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे गेले आणि संध्याकाळी औषध डोक्यावर बांधून परत आले. मी त्यांना नको म्हटले होते. पाणी उतरल्यावर गाडी निघाली तेव्हा अर्धे गाव लिंबाखाली उभे होते.

पुढे जीपगाड्या आल्या. त्या घराच्या दारातून माणूस उचलत आणि दहा रुपयांत संखेड्याला सोडत. गाडीत माणसे कमी होत गेली, कधी कधी शेवटच्या टप्प्याला मी आणि काका दोघेच असायचो. काका निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत तो मुक्काम बंद झाला. जीपवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांनीही पोटच भरले. परंतु जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पहाटे पावणेसहाला, एकच आजारी माणूस असला तरी, ती सुटत नाही.

मुक्काम बंद झाल्याचे मला ड्युटीच्या फळ्यावर कळले. तेव्हा मासींचा चष्मा माझ्याकडे होता. काडी मोडली म्हणून त्यांनी तो आदल्या फेरीला दिला होता आणि मी तो रावपुऱ्यातून दुरुस्त करून आणला होता. माझ्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी मी एसटीने संखेड्यापर्यंत गेलो, तिथे जीप भरेपर्यंत दीड तास थांबलो, आणि गावात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मासींनी चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिले आणि गाडी कुठे आहे असे विचारले. परतायला काही साधन नव्हते. त्यांनी रोटला थापायला घेतला, आणि मी त्यांच्याच ओट्यावर त्या रात्रीचा मुक्काम केला.