नाडी बांधताना

फुटबॉलचा सामना बरोबरीत राहिला की पेनल्टी किकनी निकाल लावतात, तो टायब्रेकर. तो सुरू होण्याआधी रेफ्री दोनदा नाणं उडवतो. पहिल्यांदा किक कुठल्या गोलवर मारायच्या ते ठरतं, दुसऱ्यांदा आधी कोणी मारायच्या ते. तेवढ्या वेळात कोचला काय ते ठरवावं लागतं. गेल्या हंगामात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात त्या दोन मिनिटांत मी एका मुलाचं नाव घेतलं. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कॉलेजच्या सामन्याची गोष्ट कशाला, असं कुणाला वाटेल. पण ते नाव मी घेतलं ते शाळेच्या मैदानावर 1994 साली जे घडलं त्यामुळे, म्हणून इथेच लिहितोय.

आधी सामन्याविषयी. पोरं ज्या जिद्दीनं खेळली ते कुठेतरी छापलेलं राहावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एकविसाव्या मिनिटाला कॉर्नरवर आम्ही गोल केला. जवळच्या खांबाशी एकानं डोक्यानं नुसता स्पर्श केला आणि मागून आलेल्यानं चेंडू आत ढकलला. आठवडाभर हाच एक कॉर्नर घोटला होता. अडतिसाव्या मिनिटाला आमच्या सेंटर बॅकनं एकटा सुटलेला फॉरवर्ड मागून पाडला आणि त्याला थेट लाल कार्ड मिळालं. निर्णय बरोबर होता, मला तक्रार नाही. मी एक स्ट्रायकर काढून बचावाला माणूस घातला आणि पुढची बावन्न मिनिटं आम्ही दहा जण खेळलो.

दहा जणांनी अकरांविरुद्ध खेळणं म्हणजे एक बाजू मोकळी सोडून जगणं. चेंडू उजवीकडे असला की सगळी फळी उजवीकडे सरकते आणि डावी कड उघडी पडते. समोरच्यानं लांब पास देऊन बाजू बदलली की सगळ्यांनी पुन्हा पळायचं. पाय दमतातच, पण त्याहून जास्त दमतं लक्ष. आमचा राइट बॅक त्या दिवशी किती वेळा वर गेला आणि परत आला, ते मी मोजायचा प्रयत्न केला आणि तिसाव्यानंतर सोडून दिला. त्याच्या बाजूनं खेळणारा त्यांचा विंगर त्या संघातला सगळ्यात चपळ मुलगा होता. मध्यंतरात मी राइट बॅकला म्हटलं, "प्रत्येक वेळी चेंडू काढायला जाऊ नकोस, नुसता समोर उभा राहा, त्याला बाहेरच्या बाजूला ढकल." त्यानं मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांचा एक साधा फटका आमच्याच एकाच्या टाचेला लागून वळला आणि गोल झाला. 1-1. मग पंधरा आणि पंधरा मिनिटांचा जादा वेळ. शेवटी शेवटी आमच्यातले दोघे पायात गोळे येऊन खाली बसले, त्यांना बदलावं लागलं. पण गोल होऊ दिला नाही. शेवटच्या शिट्टीला मैदानावरचे दहाच्या दहा जण उताणे पडले होते.

माझ्या खिशात नेहमी एक यादी असते. आठवडाभर सरावाच्या अगदी शेवटी, पाय थकलेले असताना, मी प्रत्येकाला पेनल्टी मारायला लावतो आणि मोजतो. त्यातून पाच नावं काढतो. टायब्रेकरच्या वर्तुळात उभं राहून "कोण मारणार?" असं विचारायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. नियमानं शेवटच्या शिट्टीला मैदानावर असलेलेच खेळाडू किक मारू शकतात. यादीतला एक लाल कार्डावर गेला होता, दोघे गोळ्यांमुळे. उरले दोन. समोरच्या संघालाही एक खेळाडू बाजूला ठेवावा लागला, कारण टायब्रेकरला दोन्हीकडे संख्या सारखी लागते. पण त्यानं माझी यादी थोडीच भरणार होती?

मला विचारावं लागलं. तीन हात वर झाले, पाच पूर्ण झाले. रेफ्रीला क्रम कळवायचा नसतो, त्यामुळे सहावा तेव्हाच ठरवायला हवा असं नव्हतं. पण पाचांत निकाल लागला नाही तर ऐन वेळी कुणाकडे बघायचं? मी म्हटलं, "सहावा?" कुणी बोललं नाही. आणि राइट बॅक खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

हे पाहिलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

डिसेंबर 1994. आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना आपल्याच मैदानावर होता, फक्कीच्या रेषा सकाळी आम्हीच मारल्या होत्या. मी दहावीत, लेफ्ट बॅक. सामना 0-0 सुटला. सर वर्तुळात आले आणि म्हणाले, "ज्याला मारावीशी वाटते त्यानं मारा. मी कुणाचं नाव घेणार नाही." आमच्या सरांची हीच पद्धत. त्या वर्षी जुलैत झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यावर ते आमच्याशी कितीदा तरी बोलले होते. बाजिओनं अंतिम सामन्याआधीच्या तीन लढतींत पाच गोल करून इटलीला तिथवर आणलं आणि शेवटची किक बारवरून मारली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर इटलीच्याच बचावपटूबद्दल, बरेसीबद्दल बोलायचे. स्पर्धेच्या सुरुवातीलाच गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस अंतिम सामन्याला परत उभा राहतो, एकशे वीस मिनिटं ब्राझीलला गोल करू देत नाही, आणि मग पहिलीच किक बारवरून जाते. "तरी पहिली किक मारायला तो गेला," सर म्हणायचे. "एवढंच बघा."

चार हात वर झाले. पाचवा माझा असायला हवा होता. सरावात माझ्या किक सगळ्यात जास्त आत जायच्या, हे सगळी टीम जाणून होती. मी खाली वाकलो आणि घट्ट बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागलो. मान वर केली तेव्हा नववीतला एक मुलगा "मी मारतो" म्हणून पुढे झाला होता.

तेव्हाच्या नियमानं चेंडूला पाय लागेपर्यंत गोलकीपरला रेषेवर पाय हलवता येत नसत. रेषेवर आडवं सरकायची मुभा 1997 साली आली. म्हणजे किक मारणाऱ्याला आजच्यापेक्षा सोपं होतं. त्यांच्या गोलकीपरनं तरीही ती अडवली. आम्ही हरलो. तो मुलगा ठिपक्याजवळच उकिडवा बसला, दोन्ही हात डोक्यावर. मी त्याच्यापाशी गेलो नाही.

मित्रा, ही स्मरणिका तुझ्या हाती आली असेल तर वाच: ती किक माझी होती. हे मला तीस वर्षांपूर्वी सांगता आलं असतं.

त्यानंतर मला एकच वाटत राहिलं, की सरांनी माझं नाव घ्यायला हवं होतं. नुसतं नाव. ते घेतलं असतं तर मी गेलो असतो. आत गेली असती की नसती ते सोडा, मी गेलो असतो. कोच झालो तेव्हा हे पक्कं ठरवलं होतं, की भीतीपोटी मान खाली घातलेला मुलगा दिसला तर त्याला तिथे एकटं सोडायचं नाही.

म्हणून मी राइट बॅकचं नाव घेतलं. "सहावी तुझी." तो उठला, "हो सर" म्हणाला.

पाच-पाच किकनंतर 4-4 झाले. त्यांची सहावी आत गेली. आमचा मुलगा निघाला. मैदान पूर्ण मापाचं असलं तर मधल्या रेषेपासून पेनल्टीचा ठिपका साडेएकेचाळीस मीटरवर असतो. ज्यानं दिवसभर ते अंतर धावत कापलं होतं, तो आता चालत गेला. चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. फटका जोरात होता, खाली होता, डावीकडे होता. खांबाच्या आतल्या कडेला लागला आणि गोलच्या तोंडासमोरून आडवा निघून गेला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

या वेळी मी गेलो. त्याच्या शेजारी बसलो. काय बोललो ते आठवत नाही, आणि त्याचा काही उपयोग झाला असेल असंही वाटत नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. मला शाळेत जे हवं होतं ते मी त्याला दिलं होतं. त्याला ते हवं होतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

महोत्सवाच्या निमित्तानं महिन्याभरानं सरांना भेटायला गेलो. सर आता काठीनं चालतात, आवाज मात्र तोच. तीस वर्षं मनात ठेवलेलं सगळं सांगितलं. नाडीचं सुद्धा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नाडी मला नाही आठवत," ते म्हणाले. "तू दुसऱ्या हाफमध्ये गोलरेषेवरून दोन चेंडू काढलेस, ते आठवतंय. दुसरा काढताना खांबावर आदळलास. नंतर लंगडत होतास. तुझं नाव घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं रे. आणखी काय मागणार होतो तुझ्याकडून?"

मी खांबावर आदळलो होतो, हे मला अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

तिथून निघालो ते एकच मनात घेऊन. ज्या मुलानं एकशे वीस मिनिटं स्वतःला पिळून काढलं, त्याच्याकडे मी आणखी एक गोष्ट मागितली होती. सरांना माझ्यातला दमलेला खेळाडू दिसला होता. मला मात्र त्या मुलात तीस वर्षांपूर्वीचा मीच दिसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर त्याला थांबवलं. म्हटलं, "त्या दिवशी तुझं नाव घेतलं ते माझं चुकलं. तू नाडी बांधत होतास, ते मी पाहिलं होतं. तुझ्या मनात नव्हतं हे मला कळलं होतं, तरीही मी घेतलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला खरंच काही उमजत नव्हतं.

"नाडी सुटली होती, सर," तो म्हणाला. "तशीच ठेवून किक कशी मारणार? मी बांधून हात वर करणारच होतो, तेवढ्यात तुम्ही नाव घेतलंत."