आम्ही युनियन नोंदवली, त्याची हकिकत

फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत मी असेंब्ली लाइनवर आहे. इन्हेलरचे प्लास्टिकचे भाग जोडायचे, तपासायचे, खोक्यात भरायचे. माल जर्मनीला जातो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच काम करायचंय.

आमच्या लाइनच्या टोकाला एका खिळ्यावर लाल बिल्ला टांगलेला असायचा. अख्ख्या लाइनला एकच. तो हातात घेतल्याशिवाय संडासला जायचं नाही, आणि आधीच कुणी नेला असेल तर ती परत येईपर्यंत थांबायचं. पाळी असो, पोटात गडबड असो, बिल्ला एकच. खरेदीदाराचे ऑडिटवाले यायचे त्या दिवशी बिल्ला गायब, खिळासुद्धा उपटलेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही जागच्या जागी. ऑडिटवाले विचारायचे, "काही त्रास?" सुपरवायझर दोन पावलांवर उभा. आम्ही म्हणायचो, "नाही सर."

मग दुसऱ्या शिफ्टची बस बंद झाली. रात्री अकराला सुटून शिरोड्याला, पंचवाडीला जायचं कसं? कदंबची शेवटची बस केव्हाच गेलेली. तेव्हा बायका पहिल्यांदा मोकळेपणी बोलायला लागल्या.

एका शेजाऱ्यामार्फत पणजीतल्या एका जुन्या युनियनच्या कार्यकर्त्यांची गाठ पडली. सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांनी भाषण दिलं नाही, कागदच पुढे केला. तेव्हाचा ट्रेड युनियन कायदा, १९२६ चा. अर्जावर किमान ७ कामगारांच्या सह्या हव्यात. शिवाय २००१ च्या दुरुस्तीनंतर तिथले १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा कमी, तेवढे सभासद लागतात. वर्गणी वर्षाला निदान १२ रुपये. आणि नियमावली: नाव, उद्देश, पैसा कशावर खर्चायचा, हिशेब कोण तपासणार, पदाधिकारी कसे निवडणार. शेवटच्या कलमाशी भाईंनी बोट थांबवलं. "बाय, ह्यावर आधी बसा. बाकीचं मी टाइप करून देतो."

बसलो देवळाच्या अग्रशाळेत, रविवारी. सगळ्यात जास्त भांडण कंपनीवरून झालं नाही, कंत्राटींवरून झालं. आमच्याकडे मोल्डिंगवर आणि लोडिंगला बहुतेक कंत्राटी मुलगे, ओडिशाचे, झारखंडचे, थोडे कर्नाटकातले. पर्मनंटमधले काही जण म्हणाले, त्यांना घेतलं तर कंपनी चिडेल, शिवाय ते उद्या गावाला निघून जातील. एकाने तर "आधी आमच्या गोंयकारांचं बघा" असंही सुनावलं. मला राग आला. बिल्ल्याचा नियम लावताना कंपनीने कधी गाव विचारला होता? कायद्यानेही कंत्राटी कामगाराला सभासद व्हायला आडकाठी नाही. अखेर हात वर करून मत घेतलं आणि कंत्राटींच्या बाजूने थोडक्यात निभावलं. पदाधिकाऱ्यांची निवड मात्र भाईंनी चिठ्ठ्यांवर घ्यायला लावली. बिस्किटाच्या डब्याला भोक पाडून. पंच, आमदार, खासदार निवडायला आम्ही हयातभर मतं टाकली होती, पण जिथे दिवसाचे आठ तास जातात तिथल्या कशासाठी मत द्यायची ती पहिलीच वेळ.

पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात अर्ज दिला. तिथे विचारणा झाली की हे सगळे याच कारखान्यात काम करतात याचा पुरावा काय. पर्मनंटना पगाराच्या स्लिपा होत्या. कंत्राटींना कंत्राटदाराने कधी स्लिपच दिली नव्हती, खरं तर ती देणं त्याच्यावर बंधनकारक. पीएफच्या पासबुकात नाव कंत्राटदाराचं. शेवटी उपयोगी पडला गेटपास: फोटो, कंपनीचा शिक्का, खात्याचं नाव, सगळं त्यावर. कुणी असल्या कामाला लागलेलं असेल तर एवढं सांगते, गेटपासच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आजच काढून ठेवा. वाद सुरू झाला की पहिल्यांदा तोच काढून घेतात.

सर्टिफिकेट मिळालं. पेढे वाटले. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हे आम्हाला मागणीपत्र पाठवल्यावर कळलं. महाराष्ट्रात मान्यताप्राप्त युनियनसाठी १९७१ चा वेगळा कायदा होता, गोव्याला तो लागू नव्हता. कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं. (ते पाकीट न फोडता जपून ठेवलं. पुढे तोच आमचा पुरावा झाला.) आठवड्याभरात आमच्या खजिनदाराला सस्पेंड केलं. आरोप: कामात हयगय.

गेटच्या आत एक इंग्रजी फलक आहे, चौकटीत, काचेआड. खरेदीदाराची आचारसंहिता. फोन आत नेता येत नाही, म्हणून मी कॅन्टीनच्या कुपनामागे त्यातली ओळ उतरवून आणली: संघटना करण्याचं स्वातंत्र्य, आयएलओचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे, ठराव ८७ आणि ९८. भाई हसले. भारत १९१९ पासून आयएलओचा सभासद आहे, पण हे दोन ठराव भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या नियमांचं कारण पुढे केलं जातं. संघटना करायचा हक्क आम्हाला घटनेच्या १९व्या कलमाने मिळतो. म्हणजे आमच्या सरकारने न मानलेला कागद आमच्या कंपनीच्या भिंतीवर टांगलेला होता, गिऱ्हाइकाला दाखवायला.

त्या गिऱ्हाइकावर मात्र त्याच्या देशाचा कायदा होता. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला, आधी निदान ३००० कामगारांच्या कंपन्यांना, २०२४ पासून १००० वाल्यांना. त्यात तक्रारीची सोय ठेवावीच लागते, आणि पुरवठादाराकडचा कामगारही तिथे तक्रार करू शकतो. असे कायदे काही दयेपोटी झालेले नाहीत. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या, तरी कामगारांना आत पाठवलं होतं. भाई म्हणायचे, तिथे नाही म्हणणारी युनियन असती तर?

आम्ही लिहिलं. बिल्ला, बस, सस्पेंशन, परत आलेलं पाकीट, तारखांसकट. विशेषणं भाईंनी सगळी खोडली. उत्तर आलं, गुळगुळीत इंग्रजीत. पण पुढच्या ऑडिटला माणसं न सांगता आली, आणि त्यांनी आम्हाला गेटबाहेर, चहाच्या गाड्यावर बोलावून विचारलं.

इकडे कामगार खात्यात समेटाची प्रक्रिया चालू होती. तेव्हाच्या कायद्याने समेट अधिकाऱ्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असायचा. प्रत्यक्षात कंपनीचा माणूस एका तारखेला आजारी, दुसरीला कागद विसरला, तिसरीला वकील बदलला. आमच्यातले काही कंटाळले. तेव्हा भाईंनी लोखंड्यांची आठवण काढली: मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी झटत होते, सुट्टी मिळाली १८९० साली. मला त्याने धीर आला नाही, उलट धडकीच भरली.

ऑडिटनंतर मात्र कंपनीच्या माणसाला कागद सापडले. अधिकाऱ्यासमोर करार झाला. बिल्ला गेला. रात्रीची बस आली. कंत्राटींना स्लिपा मिळायला लागल्या, पर्मनंट मात्र एकही झाला नाही. पगारवाढ मागितली त्याच्या निम्मीसुद्धा नाही. खजिनदार कामावर परत आला, दुसऱ्या खात्यात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार, तीच वाटाघाटी करणार. आणि आमच्या कारखान्यात दुसरी युनियन आता निघालीच आहे. तिचा फलक ऑफिसातल्या प्रिंटरवर छापलाय, असं बायका म्हणतात. टक्के मोजायचे ते आस्थापनेच्या हजेरीपटावरून, आणि कंत्राटी मुलगे आहेत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. आमच्या वर्गणीच्या पावत्यांतली जवळजवळ निम्मी नावं त्यांची. येत्या रविवारी अग्रशाळेत विषय एवढा एकच आहे.