कार्ड राहिलं, पगारही राहिला

रेकॉर्डिंग ३८ मिनिटांचं होतं. १९व्या मिनिटाला मी ते थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. बाई साताऱ्याकडची बोली बोलत होत्या. माझं माहेर कराडचं, त्यामुळे एक शब्दही अडला नव्हता. अडलं होतं ते समोरच्या कागदावर.

बाई म्हणत होत्या, "निघायच्या गडबडीत कार्ड माझ्यापाशीच राह्यलं. ताईंना ठाव व्हतं की. दोन म्हैन्यांचा पगार बी राह्यला व्हता. माझं काय चुकलंमाकलं असंल तर पदरात घ्या."

पोलिसांच्या अहवालात त्याचं इंग्रजी झालं होतं. त्या इंग्रजीला पुन्हा मराठीत आणलं तर ते असं होतं : "पगार मिळाला नाही म्हणून मी कार्ड ठेवून घेतलं. मी माझा दोष स्वीकारते."

मी न्यू जर्सीत न्यायालयीन दुभाषी म्हणून अकरा वर्षं काम करते. स्पॅनिशचे दुभाषी इथल्या कोर्टांत रोज लागतात, मराठीचं काम मात्र महिन्या-दोन महिन्यांतून एखादं येतं. मराठी माणसं कमी आहेत असं नाही. एडिसन-आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी उभं राहिलं तर कानावर सतत मराठी पडते. पण त्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येतं. ज्यांना येत नाही ते म्हणजे मुलांकडे आलेले आईवडील, नाहीतर घरकामाला, मुलं सांभाळायला, स्वयंपाकाला राहिलेल्या मावश्या. या खटल्यातल्या बाई अशाच एक मावशी होत्या. खटला संपून बराच काळ लोटला आहे. त्यांची आणि त्यांच्या वकिलांची परवानगी घेऊनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई एका भारतीय कुटुंबात राहून काम करत होत्या. घरमालकिणीने भाजी, दूध, औषधं आणायला त्यांना आपलं एक क्रेडिट कार्ड दिलं होतं. पुढे बिनसलं आणि बाई तिथून निघाल्या. दोन महिन्यांचा पगार मिळालेला नव्हता आणि कार्ड त्यांच्या पाकिटात होतं. पुढच्या नऊ दिवसांत त्यांनी ते तीनदा वापरलं : एकदा किराणा, एकदा औषधं, एकदा फोनचं रिचार्ज. एकूण ४१२ डॉलर.

रक्कम ऐकून कोणालाही वाटेल, एवढ्यासाठी काय व्हायचंय! मलाही सुरुवातीच्या वर्षांत तसंच वाटायचं. पण न्यू जर्सीत कार्डाचा गुन्हा रकमेवर मोजला जात नाही. नुसती चोरी असती तर २०० ते ५०० डॉलरच्या मधली म्हणून ती चौथ्या श्रेणीत गेली असती, म्हणजे जास्तीत जास्त १८ महिने. दुसऱ्याचं कार्ड लबाडीच्या हेतूने वापरणं हा मात्र थेट तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा. ४० डॉलरची खरेदी असो की ४,००० ची, शिक्षा ३ ते ५ वर्षं आणि १५,००० डॉलरपर्यंत दंड. कार्ड नुसतं संमतीशिवाय घेणं, किंवा चुकून आपल्याकडे आलेलं कार्ड वापरायच्या इराद्याने ठेवून घेणं, हा वेगळा गुन्हा, चौथ्या श्रेणीचा. प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा. टेक्सासमध्येही कार्डाचा गैरवापर रकमेकडे न बघता १८० दिवस ते २ वर्षांच्या कैदेला पात्र ठरतो, तर कॅलिफोर्नियात सहा महिन्यांत ९५० डॉलर ओलांडले की गुन्ह्याचं वजन बदलतं.

पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत सहसा तुरुंगात पाठवत नाहीत, कायद्याचाच तसा कल आहे. या बाईंची खरी शिक्षा फौजदारी कायद्याच्या बाहेर बसली होती. त्यांना भावाच्या अर्जावर ग्रीनकार्ड मिळून तीन वर्षं झाली होती. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला, तो सिद्ध झाला आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असली, तर माणसाला देशाबाहेर काढता येतं. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे तिथे बघत नाहीत, किती होऊ शकली असती हे बघतात. फसवणूक हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानला जातो. १८ महिनेही एक वर्षाहून जास्तच. अशा परिणामांची कल्पना अशिलाला देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. बाईंच्या सरकारी खर्चाने दिलेल्या वकिलांनी ते मनावर घेतलं होतं, म्हणूनच त्यांनी पोलिसांचा अहवाल जसाच्या तसा न स्वीकारता मूळ रेकॉर्डिंग मागवलं आणि माझ्याकडे पाठवलं.

पोलीस ठाण्यात मराठी दुभाषी नव्हता. फोनवरून हिंदीचा जोडून दिला होता. म्हणजे अधिकारी इंग्रजीत विचारणार, फोनवरचा माणूस ते हिंदीत सांगणार, आणि बाई मराठीत उत्तर देणार, मध्ये चार शब्द हिंदीसारखे घालून. त्या फोनवरच्या माणसाने मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. त्याला मराठी येत नव्हतं आणि ते त्याने सांगितलं नाही, एवढंच. पण ते "एवढंच" फार महाग पडतं, आणि या गोष्टीचा मला आजही राग येतो. समजलं नाही तर "समजलं नाही" म्हणायचं, हे आमच्या कामातलं पहिलं बंधन आहे.

३८ मिनिटांच्या त्या आवाजावर मी सहा दिवस घालवले. डाव्या रकान्यात जसं उच्चारलं तसं, उजव्या रकान्यात इंग्रजी. न कळलेलं असेल तिथे "अस्पष्ट" असं लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. वकिलांच्या बाजूला गैरसोयीचं असेल तेही वगळायचं नाही. २६व्या मिनिटाला बाई स्पष्ट म्हणतात, "तीनदा वापरलं मी." तेही मी तितक्याच ठळकपणे लिहिलं.

मग सुनावणीचा दिवस आला. बाईंचा तो जबाब खटल्यात वापरता येईल का, एवढाच प्रश्न होता. मी एरवी साक्षीदाराच्या शेजारी उभी असते. त्या दिवशी मीच साक्षीदाराच्या खुर्चीत बसले, आणि बाईंच्या कानाशी दुसऱ्या एक दुभाषी बसल्या. मी इंग्रजीत एक वाक्य बोलायची आणि समोरून त्याचं हलक्या आवाजातलं मराठी ऐकू यायचं. आपलंच बोलणं परत आपल्या भाषेत येताना ऐकणं फार चमत्कारिक असतं. पहिली दहा मिनिटं माझा घसा कोरडा पडला होता.

वकिलांनी आधी चौथ्या मिनिटावरचा भाग वाजवला. हक्क समजावून सांगण्याचा. इंग्रजी वाक्य सगळ्यांना पाठ असतं : तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे. फोनवरून हिंदी आलं, "आपको चुप रहने का अधिकार है." त्यावर बाई लगेच म्हणतात, "बरं. गप बसते." मग काही सेकंद खरोखर शांतता. अधिकारी काहीतरी विचारतो. आणि बाई भीत भीत म्हणतात, "आता बोलू का?"

अहवालात या जागी लिहिलं होतं : आरोपीने हक्क समजले असल्याचं सांगून बोलण्याची तयारी दर्शवली.

न्यायाधीशांनी तो भाग पुन्हा वाजवायला लावला. मला विचारलं, "शेवटचे तीन शब्द नक्की काय आहेत?" मी सांगितलं, हा प्रश्न आहे, ती परवानगी मागते आहे. त्यांनी विचारलं, असा प्रश्न तुमच्या भाषेत कोण कोणाला विचारतं? मी म्हटलं, ज्याला गप्प बसायला सांगितलं आहे असं माणूस, ज्याने सांगितलं त्याला. शाळेतलं मूल बाईंना विचारतं. त्यांनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. न्यू जर्सीत आरोपीने हक्क समजून-उमजून सोडला हे सरकारला निःसंशय सिद्ध करावं लागतं. तो भार किती जड आहे हे त्या लिहिण्यातून मला जाणवत होतं.

मग १९वं मिनिट. मी सांगितलं की मराठीत "ठेवलं" म्हणायला ठेवणारं माणूस लागतं : मी ठेवलं, त्याने ठेवलं. "राहिलं" मध्ये माणूस काही करतच नाही. त्या वाक्यात कर्ता कार्ड आहे. छत्री बसमध्ये राहते, डबा ऑफिसात राहतो, तसं कार्ड राहिलं. आणि पुढच्याच वाक्यात बाई तेच क्रियापद पगाराला लावतात. कार्ड राहिलं, पगार राहिला. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. दोघींच्या मध्ये "म्हणून" नाही. अहवालातला "म्हणून" बाईंच्या तोंडात कुठेच नाही. तो भाषांतराने घातला आहे, आणि त्या एका शब्दाने हेतू तयार झाला आहे.

"आणि दोष स्वीकारण्याचं काय?" वकिलांनी विचारलं.

इथे मला थोडं थांबावं लागलं. "चुकलंमाकलं पदरात घ्या" हे इंग्रजीत कसं सांगायचं यावर मी घरी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. मी म्हटलं, पदर म्हणजे साडीचं खांद्यावरून येणारं टोक. लेकराला त्याखाली घेतात. लग्नात मुलीकडचे पाहुण्यांना हे म्हणतात, कीर्तनकार श्रोत्यांना म्हणतो, सून सासूला म्हणते. त्यात आपण काय केलं याची कबुली नसते, समोरच्याने सांभाळून घ्यावं ही विनंती असते. शिवाय "असंल तर" आहे, ते भाषांतरात गळलं आहे. आणि पदरात घ्यायचं आहे ते समोरच्याने, बोलणाऱ्याने नव्हे. घेणारं माणूसच उलटं झालं आहे.

मी बोलत होते आणि आरोपीच्या टेबलावर बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी तिकडे बघायचं टाळलं.

सरकारी वकील तरुण होत्या, आणि त्यांनी तयारी चांगली केली होती. त्यांनी मला तीनच प्रश्न विचारले.

"कार्ड आपल्याजवळ आहे हे तिला ठाऊक नव्हतं, असं 'राहिलं' या शब्दावरून कळतं का?"

"नाही."

"नंतर तीनदा वापरलं असं ती म्हणते?"

"हो."

"त्यासाठी परवानगी घेतली होती असं ती कुठे म्हणते का?"

"नाही. 'ताईंना ठाव व्हतं' असं म्हणते. काय ठाऊक होतं, हे तिला कोणी विचारलं नाही."

तिसऱ्या उत्तरावर त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि "धन्यवाद" म्हणून खाली बसल्या. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं की बाईंनी कार्ड वापरायला नको होतं. पगार बुडाला तर त्याची तक्रार कामगार खात्याकडे करायची असते. पण आपल्या हक्काचंच घेतो आहोत असं मनापासून वाटणं आणि लुबाडणं यांत न्यू जर्सीचा चोरीचा कायदाही फरक करतो, तो बचाव मानतो. तो फरक न्यायाधीशांसमोर यायचा असेल तर बाईंचं वाक्य आधी बाईंचंच असायला हवं होतं.

सुनावणी संपल्यावर बाहेर पाण्याच्या नळापाशी त्या समोर आल्या. हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. "ताई, कराडकडच्या का तुम्ही? बोलण्यावरनं वाटलं." साक्षीदाराने आरोपीशी बोलायचं नसतं. मी हात जोडले, मान हलवली आणि वकिलांकडे बोट दाखवून पुढे गेले. माहेरच्या माणसाला असं ओलांडून जाणं मला त्या दिवशी सगळ्यात जड गेलं.

न्यायाधीशांनी निकाल राखून ठेवला, आणि तो द्यायची वेळच आली नाही. बाईंचा पहिल्या गुन्ह्यासाठीच्या सुधार योजनेचा अर्ज आधी "दोष कबूल करूनही सबबी सांगते" या कारणावरून नाकारला गेला होता. आता सरकार पक्षाने तो मान्य केला. दोष कबूल न करता बारा महिने देखरेख, समाजसेवेचे तास, आणि ४१२ डॉलरची भरपाई. ही भरपाई बँकेला गेली, कारण मालकिणीला पैसे बँकेने केव्हाच परत दिले होते. अनधिकृत वापरात कार्डधारकावर ५० डॉलरहून जास्त बोजा टाकता येत नाही असा केंद्राचा कायदा आहे. पगाराची तक्रार स्वतंत्रपणे दाखल झाली.

वर्षभराने वकिलांचा फोन आला. कोर्टाचा आदेश हातात आला होता, बाई त्यांच्यासमोर बसल्या होत्या आणि रडत होत्या. वकिलांना कारण कळेना. मी दुभाषी म्हणून ओळीवर आले. वकिलांनी शब्द पुन्हा उच्चारला आणि पलीकडून बाईंचा घाबरा आवाज आला, "डिसमिस म्हंत्यात ओ. आमच्या ह्यांना गिरणीतनं डिसमिस केलं व्हतं. मला आता कुठनं काढलं?"

मी वकिलांना ते इंग्रजीत सांगितलं. मग त्यांचं उत्तर बाईंना सांगितलं, "तुम्हाला कुठूनही काढलेलं नाही. तुमच्यावरचे आरोप काढलेत."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "आता बोलू का?" आणि भावाला फोन लावायला फोन मागितला.