चोक कुठला लावू? मिनेसोटातल्या एका कोल्हापुरी आईचा वैताग

शाळेच्या ट्रॅप टीममध्ये, म्हणजे उडत्या तबकड्या शॉटगनने फोडायच्या खेळात, लेकीचं नाव घातलं, तेव्हा कोल्हापुरातून आलेले सगळे फोन बंदुकीबद्दल होते. इथे मात्र जो भेटेल तो चोकबद्दल, म्हणजे बंदुकीच्या नळीचं तोंड आवळणाऱ्या तुकड्याबद्दल, बोलतो. दोन्हींचा मला सारखाच वैताग आलाय. बंदुकीचं थोडक्यात उरकते आणि मग चोकवर येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आत्याचा पहिलाच प्रश्न: "अगं, पोरांच्या हातात बंदुका देत्यात म्हणूनच तिकडं ते सगळं हुतंय नव्हं?" टीव्हीवर दिसतं ते खोटं नाही, आत्या. शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याची लॉकडाउनची कवायत असते त्या दिवशी माझ्याही पोटात गोळा येतो. पण या टीमची गोष्ट वेगळी आहे. मिनेसोटात शालेय ट्रॅपची लीग ३ टीम आणि ३० मुलांवर सुरू झाली. आता जूनमध्ये अलेक्झांड्रियाला राज्य स्पर्धा भरते तेव्हा गावात हॉटेलची खोली मिळत नाही. सहावी ते बारावीची मुलं खेळतात. बंदूक-सुरक्षा प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणाला टीममध्ये घेत नाहीत. बंदूक शाळेच्या आवारात येतच नाही, सराव गावातल्या गन क्लबवर होतो. रेषेवर उभं राहिल्यावर काडतूस एकच, तेही आपली पाळी जवळ आल्यावर. बाकी सगळा वेळ बंदूक उघडी, नळी रिकामी, कुणालाही लांबून दिसेल अशी. कानाला, डोळ्याला संरक्षण नसेल तर प्रेक्षकालाही मागे पाठवतात. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे आमचे पाहुणे इथे दोन मिनिटं टिकले नसते.

आणि कोल्हापूरकरांनी मला हे विचारावं? २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत कुठली? २०१८ च्या एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण आणणारी पहिली भारतीय महिला राही सरनोबत कुठली? २०२४ ला पॅरिसहून कांस्य घेऊन आलेल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेची मिरवणूक बघायला गर्दी केली होती ती कुणी? तेव्हा ती बंदूक नव्हती, खेळ होता. माझी पोरगी अमेरिकेत खेळायला लागली की लगेच संस्कार आठवतात.

हां, एक फरक मान्य. आपल्याकडे मुलीने नेमबाजी शिकायची म्हटलं की एअर रायफल नाहीतर एअर पिस्तूल. शॉटगन ही बिकानेर, पंजाबकडची गोष्ट: महाराजा कर्णी सिंह, मानवजित संधू ही नावं. आमच्या आजोळी बाराबोर शॉटगन होती, पण ती भिंतीवर. तिचं सगळ्यात जास्त फिरणं निवडणुकीत व्हायचं, घरातून पोलिस ठाण्यात जमा आणि निकालानंतर परत. त्या नळीच्या तोंडाशी काय असतं याचा विचार घरातल्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

तर त्या तोंडाशी असतो चोक. शॉटगनमधून एक गोळी सुटत नाही, शेकडो बारीक छर्रे सुटतात आणि पुढे जाता जाता पसरत जातात. लग्नात मागच्या रांगेतून टाकलेल्या अक्षता आठवा: नवरा-नवरीवर चार, बाकी फोटोग्राफरवर आणि मामाच्या टकलावर. हे पसरणं आवरण्यासाठी नळीचं तोंड किंचित अरुंद करतात. बाराबोरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर नावाचा चोक तिला पाव मिलिमीटरने आवळतो, मॉडिफाइड अर्ध्याने, आणि फुल जेमतेम ०.९ ने. एवढाच काय तो खेळ. एक मिलिमीटरच्या आत.

आणि या एका मिलिमीटरवर आमच्या क्लबात जेवढं बोललं जातं तेवढं मिनेसोटाच्या थंडीवरही कुणी बोलत नाही. एक गृहस्थ सांगतात, "ट्रॅपला फुलच. तबकडीचा धूर झाला पाहिजे." त्यांच्या शेजारी बसलेले म्हणतात, "लहान मुलीला फुल? इम्प्रूव्ह्ड सिलिंडर द्या, जाळं मोठं पडेल." दुकानातला मुलगा तर मला थेट रंगीत चोकच्या काचेच्या कपाटापाशी घेऊन गेला. नळीबाहेर बोटभर डोकावणारे, निळे-लाल-सोनेरी, एकेकाची किंमत पन्नास-साठ डॉलरपासून पुढे. बंदुकीबरोबर पेटीत तीन चोक फुकट आलेत हे मी सांगितलं तर म्हणाला, "ते कंपनीचे." जणू बंदूक कंपनीची नव्हती!

मी इंजिनिअर आहे. मला कुणी "जाळं मोठं पडेल" सांगितलं की मी विचारते, किती मोठं? मग वही काढावी लागली.

अमेरिकन ट्रॅपमध्ये तबकडी फेकणाऱ्या घरापासून खेळाडू १६ यार्ड मागे उभा असतो. पाच जागा, प्रत्येक जागेवरून पाच तबकड्या, एकेक तबकडीला एकच बार. तबकडी साधारण ११ सेंटिमीटर रुंद. मातीची म्हणतात पण असते चुनखडीच्या भुकटीची आणि डांबरासारख्या राळेची. ती खेळाडूपासून दूर, वर चढत जाते. हात बसलेला माणूस तिला आपल्यापासून ३२ ते ३५ यार्डांवर फोडतो. नवशिका मूल मात्र आधी दचकतं, मग बघतं, मग बंदूक तिच्या मागे नेतं, आणि चाप ओढेपर्यंत तबकडी ४० यार्डांवर पोहोचलेली असते. "लहान मूल आहे, मोकळा चोक द्या" म्हणणाऱ्यांच्या लक्षात हे येत नाही. नवशिक्याची तबकडी तरबेज माणसाच्या तबकडीपेक्षा लांब असते!

चोकची जुनी मोजपट्टीही ४० यार्डांचीच आहे. तिथे ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती टक्के छर्रे पडले ते मोजायचं. इम्प्रूव्ह्ड सिलिंडरचे साधारण ५०, मॉडिफाइडचे ६०, फुलचे ७०. लेकीच्या काडतुसात एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आठ नंबरचे छर्रे असतात, म्हणजे सुमारे ४१०. तेव्हा वर्तुळात पडणार अनुक्रमे २०५, २४५ आणि २८५. २०५ हा आकडा भरपूर वाटतो, पण तबकडी आपल्याकडे ताटासारखी तोंड करून येत नाही, कड दाखवत पळते. कडेने तिची जाडी तीन सेंटिमीटरही नाही. २०५ च्या जाळ्यातून ती निसटू शकते. नेम बरोबर होता, तबकडी गेली, आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. नवशिक्याला याहून वाईट काय शिकवणार?

मग फुल का नको? कारण मुलाचा नेम अजून त्या लायकीचा नाही. फुलचा पुंजका लहान पडतो आणि शिकणाऱ्याला जी थोडीशी माफी हवी असते ती मिळत नाही. मॉडिफाइड या दोघांच्या मध्ये आहे, पेटीत फुकट आलेला आहे, आणि सोळा यार्डांवरच्या नवशिक्याचं त्याच्यावाचून काही अडत नाही. माझं उत्तर एवढंच. मॉडिफाइड लावा आणि मोसमभर त्याला हात लावू नका.

पण वहीतला मला सगळ्यात आवडलेला आकडा हा नाही. बंदूक एका अंशाने चुकली तर ३५ यार्डांवर छर्रे २२ इंच बाजूला जातात. सव्वा हात! आणि पेटीतल्या सगळ्यात मोकळ्यापासून सगळ्यात आवळ चोकपर्यंत सगळे पालटून बघितले तरी वर्तुळाच्या कडेला फरक पडतो तो वीतभरही नाही. नेम धरताना दस्त्यावर टेकवलेला गाल किंचित उचलला, की अंशभर गेलाच. म्हणजे चोक माफ करणार वीतभर आणि पोरगी चुकणार सव्वा हात. तरी दर रविवारी दोन तबकड्या सुटल्या की बाप मंडळी नळीचं तोंड तपासायला लागतात. पोराचा गाल कुठे आहे ते कुणी बघत नाही. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी इथे इंग्रजीत सांगून बघितली. हसले, आणि पुन्हा चोक उलगडायला लागले.

ऑलिम्पिक बघून आलेल्यांसाठी एक सूचना. तो ट्रॅप वेगळा. तिथे खंदकात १५ यंत्रं असतात, तबकड्या जास्त वेगाने आणि जास्त तिरक्या सुटतात, प्राथमिक फेरीत दोन बार मिळतात आणि काडतुसात छर्रे फक्त २४ ग्रॅम. ते लोक आवळ चोक वापरतात याचा अर्थ नववीतल्या मुलीने वापरावा असा होत नाही.

इथल्या लोकांबद्दल एवढं वाकडं बोलले, तर हेही सांगायला हवं. क्लबावर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा येतात, तिथल्या कुठल्याच मुलाचे कुणी नाहीत. माझी वही बघून ते म्हणाले, "आकडे छान आहेत, पण हे पुस्तकातले. तुझ्या बंदुकीचे कुठे आहेत?" आणि त्यांनी गाडीतून खाकी कागदाचं भेंडोळं काढलं. छर्रे कसे पसरतात ते बघायच्या पॅटर्नच्या फळ्यावर मोठा कागद ताणून लावायचा, मधोमध ठिपका काढायचा, ३५ यार्डांवरून टेकून एक बार. मग कागद बदलून पुन्हा. छर्रे जिथे सगळ्यात दाट पडलेत तिथून ३० इंचाचं वर्तुळ मारायचं, आणि बसायचं मोजत. थंडीत बोटं गारठलेली असताना ते माझ्या लेकीबरोबर एकेक भोक पेन्सिलीने खुणावत होते. आपल्याकडे असा वेळ आजोबा देतात, पण स्वतःच्या नातवंडांना.

त्या कागदांवर कळलं ते चोकपेक्षा महत्त्वाचं निघालं: आमच्या बंदुकीचा पुंजका ठिपक्याच्या थोडा वर पडतो. ट्रॅपला हे चांगलंच, कारण तबकडी चढत असते, आणि ती नळीवर टेकल्यासारखी दिसत असतानाच बार टाकता येतो. बंदूक भलतीकडेच मारत असती, तर जगातल्या कुठल्याही रंगाच्या चोकने ती सुधारली नसती. नवीन बंदूक घेणाऱ्याने पहिला खर्च या कागदावर करावा. मग दस्ता मुलाच्या हाताला लांब पडतोय का ते बघावं आणि नंतर काडतुसं. चोकचं कपाट शेवटी.

थोडं कामाचं. चोकला हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघायचं. चोक काढून तशीच बंदूक कधी चालवायची नाही, आतले आटे खराब होतात. सैल राहिलेला चोक तर नळीच फाडू शकतो. म्हणून दर राउंडनंतर किल्लीने तपासायचा, आट्यांना ग्रीसचं बोट लावायचं. कडेवर खाचा असतात: बहुतेक कंपन्यांमध्ये एक खाच म्हणजे फुल, तीन म्हणजे मॉडिफाइड, चार म्हणजे इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. खाचा जितक्या जास्त तितका चोक मोकळा, उलटं वाटतं पण तसंच आहे. एका कंपनीचा चोक दुसरीच्या नळीत बसेलच असं नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन पद्धतींचे आटेही वेगळे असतात, तेव्हा मैत्रिणीकडून उसना आणायच्या आधी नळीवरचं नाव वाचा. काही रेंजवर शिशाला बंदी आहे, तिथे स्टीलचे छर्रे लागतात. स्टील दबत नाही, त्याचा पुंजका आवळ पडतो. मॉडिफाइडमधून स्टील टाकलं की जवळजवळ शिशाच्या फुलसारखं पडतं. स्टीलसाठी फुल लावू नका, आणि चोकवर काय लिहिलंय ते बघा.

इथे नव्याने आलेल्या मराठी मंडळींना वेगळं सांगते. एच-वनसारख्या व्हिसावर असताना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याबद्दल केंद्राचा कायदा कडक आहे. अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, क्लबातल्या मित्राकडून नको. आम्ही ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो.

मग चोक बदलायचा कधी? १६ यार्डांवरून पंचवीसात वीस-बावीस नियमाने फुटायला लागले, आणि फुटताना दोन तुकडे न होता चुरा व्हायला लागला, म्हणजे नेम मधोमध बसतोय. मग आवळ चोकचा विचार करायचा. मागे सरकून हँडिकॅप खेळायला लागल्यावर तर करावाच लागतो. तिथे २७ यार्डांपर्यंत मागे नेतात आणि इम्प्रूव्ह्ड मॉडिफाइड (मॉडिफाइड आणि फुलच्या मधला) किंवा फुलशिवाय भागत नाही. आमच्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. चोकची किल्ली सध्या कोचकडे आहे. त्याने मोसमाच्या सुरुवातीलाच सगळ्या पालकांकडून गोळा केली.